पाइपवरची धूळ

थंडोबाचं खरं नाव काय होतं ते कारखान्यात कुणाला सांगता आलं नसतं. पगाराच्या दिवशी खिडकीतून खऱ्या नावाने पुकारा झाला की तो स्वतःच इकडेतिकडे बघायचा. नाव पडलं होतं स्वभावावरून. एकदा शेजारच्या घरात चुलीजवळच्या पडद्याने पेट घेतला, गल्ली ओरडत धावली, तेव्हा हा म्हणाला, "आलोच, एवढा चहा संपवतो." चहा संपवून गेला तोवर आग विझलेली होती. "बघा," तो म्हणाला, "घाई केली असती तर चहाही गेला असता." अशा माणसाला देव योग्य जागी चिकटवतो म्हणतात. त्याला भट्टीचं पाणी थंड ठेवायच्या कामावर चिकटवलं.

कारखाना वजनांचा. तराजूच्या पारड्यात टाकतात ती लोखंडी वजनं, पाव किलोपासून वीस किलोपर्यंत, तिथे ओतली जात. तिथल्या माणसांना एक खोड लागलेली होती. कुठलीही वस्तू हातात आली की ती जराशी झेलायची आणि वजन सांगून मोकळं व्हायचं. भट्टीवाल्याला नातू झाला तेव्हा त्याने तो हातात घेतला, झेलला आणि आधी "तीन किलो, वर थोडं" म्हणाला, मग डोळ्यांत पाणी आणलं. पण दिव्याखाली अंधार असतोच. त्या कारखान्यात एक गोष्ट अशी होती, की तिचं वजन कधीच कुणी केलं नव्हतं.

भट्टी विजेवर चालायची. तिच्याभोवती तांब्याच्या नळीचं वेटोळं आणि त्या वेटोळ्यातून सतत पाणी. पाणी थांबलं तर लोखंड वितळायच्या आधी भट्टीच वितळणार. गरम झालेलं पाणी एका लांबलचक लोखंडी पाइपमधून शेडच्या भिंतीला धरून बाहेर जायचं, मागच्या मनोऱ्यावरून धबाधबा पडून थंड व्हायचं आणि परत यायचं. हा पाइप जिथे कामगारांच्या बाकांवरून जायचा तिथे, बरोबर छातीच्या उंचीवर, सकाळपासून डबे मांडलेले असत.

आता डबे म्हणजे नुसते डबे नव्हेत. पाइपवरची जागा ही त्या कारखान्यातली खरी बढती होती. भट्टीकडचं टोक सगळ्यात गरम, तिथे मानाचे डबे. कामगारांत पहिला भट्टीवाल्याचा, त्याच्या शेजारी थंडोबाचा, मग साचेवाले, घासकामवाले, आणि अगदी शेवटी बांधणीखाते. ते वजनं पेंढ्यात गुंडाळायचं काम करत. त्यांच्या जागी डबा गरम होत नसे, नुसती आशा वाटे. एखादा म्हातारा निवृत्त झाला की त्याची जागा कुणाला मिळणार यावरून महिनाभर अबोले चालत. एका साचेवाल्याला पगार वाढवून बांधणीखात्यात मुकादम करायचं ठरलं, तर तो हात जोडून म्हणाला, "मालक, काय चुकलं माझं?"

आणि गंमत म्हणजे हे डबे तिथे नव्हतेच. म्हणजे असत, पण नव्हते. थोरल्या मालकांच्या काळात एका डब्याचं झाकण वाफेने उडालं आणि रस्सा त्यांच्या नव्या कोऱ्या बुटांवर सांडला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर बोर्ड लागला: 'पाइपवर डबे ठेवू नयेत.' तेव्हापासून ऑफिसच्या दृष्टीने पाइपवर डबे नव्हते. ऑफिसमधलं कुणी शेडकडे निघालं की फाटकावरचा पहारेकरी खोकायचा, आणि साहेब दारात पोचेपर्यंत सगळे डबे बाकांखाली गेलेले असत. त्या खोकल्यापायी ऑफिसने पहारेकऱ्याच्या छातीचे फोटो काढून घेतले, औषधं दिली. बिचारा गोड औषधं पीत राहिला आणि खोकत राहिला.

थोरले मालक गेले, धाकटे आले. बोर्ड राहिला. धाकट्या मालकांचा चार पुडांचा डबा घरून यायचा तो जाड टॉवेलात गुंडाळून. शिपाई तो गुपचूप आणून पाइपवर ठेवायचा, भट्टीवाल्याच्याही अलीकडे, एकदम पहिल्या जागी, आणि जेवायच्या वेळी वर नेऊन पुन्हा टॉवेलात बांधून द्यायचा. मालकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. वार्षिक भाषणात ते दर वर्षी सांगत, "माणसाने काम कसं करावं ते आमच्या सौभाग्यवतींकडून शिका. त्या डबा असा बांधतात, असा बांधतात, की चार तासांनी उघडला तरी वाफ निघते!" सौभाग्यवती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत. कामगार तर हात दुखेपर्यंत वाजवत. अळीमिळी गुपचिळी.

थंडोबाला मात्र त्या पाइपचं मोल इतरांपेक्षा वेगळं होतं. त्याची बायको तापट. लग्नात सोयरेमंडळी म्हणाली होती, की ही भट्टी आणि हा पाणी, जोडा छान जमला. पण त्या तापट बाईने लग्नाआधी एकच अट घातली होती. तिचे वडील जन्मभर गोदामावर पहारा करत. रोज डबा न्यायचे, रोज रिकामा आणायचे, कसा होता विचारलं तर "छान" म्हणायचे. ते गेल्यावर भेटायला आलेला त्यांचा सोबती बोलता बोलता म्हणाला, "बिचारा रोज गारढोण जेवायचा. तिथे कुठलं आलंय गरम." आई आणि ती एकमेकींकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं पहाटे उठून ज्याच्यासाठी ऊन ऊन रांधलं, तो ते गोठलेलं खात होता आणि घरी येऊन छान म्हणत होता. म्हणून तिची अट होती, की मला काहीही सांगा, पण जेवण गार होतं तर गार होतं म्हणायचं. थंडोबाने शब्द दिला. त्याला तो सोपा वाटला, कारण त्याच्याकडे पाइप होता.

रोज संध्याकाळी तो चपला काढायचा तेव्हा ती स्वयंपाकघरातूनच विचारायची, "गरम होतं का?"

"चटका बसला," तो म्हणायचा.

एवढंच. दिवसभराचं भांडण, भाव, शेजारी, मुलीचं सासर, सगळं त्यानंतर. पण हे दोन शब्द आधी. त्या घरात प्रेम म्हणून जे काही होतं ते या प्रश्नोत्तरात होतं, आणि ते पुष्कळ होतं.

मग लोखंडी पाइप दगावला. आतून गंज आणि क्षार धरून धरून त्याचं भोक बोटाएवढं उरलं होतं. भट्टी तापली, घंटा वाजली, निम्मं वितळलेलं लोखंड भट्टीतच गोठलं आणि ते फोडून काढताना सगळ्यांची कंबर बसली. मालक म्हणाले, "आता लोखंड नको. प्लास्टिक! ते गंजत नाही."

गंजत नाही हे खरं. पण प्लास्टिक हे काही एका माणसाचं नाव नाही, ते मोठं खटलं आहे, आणि खटल्यात सगळेच कामाचे नसतात. मालकांच्या मेहुण्याचं पाइपचं दुकान होतं. त्याने करड्या रंगाचे साधे पाइप पाठवले, अंगणातल्या नळाला लावतात तसले. थंडोबा म्हणाला, "मालक, हा साठ अंशाला मऊ पडतो, आपलं पाणी तेवढं गरम असतंच." पण तो हे इतक्या सावकाश म्हणाला, की वाक्य पूर्ण होईपर्यंत पाइप बसवून झाला होता. चार दिवसांत, डबे वर चढायच्या आधीच, त्याचा झोपाळा झाला आणि भट्टी बंद ठेवावी लागली. मेहुणा म्हणाला, पाइप चांगलाच आहे, तुमचं पाणी खराब आहे.

"आता तुम्ही निवडा," मालक थंडोबाला म्हणाले. "निवड तुमची, मान तुमची."

थंडोबाने निवड मनावर घेतली. पाइपवाल्यांकडून हात-हातभर नमुने मागवले, एक क्रीम रंगाचा, एक हिरवा, एक आतून पत्र्याचा थर असलेला पांढरा, आणि ते घरी नेऊन आंघोळीच्या पाण्याच्या बंबात उकळायला घातले. कारखान्यात उकळले असते तर दहा जणांनी दहा सल्ले दिले असते. घरी एकच होती, पण ती दहांना पुरून उरणारी.

"काय शिजतंय?"

"पाइप."

"मीठ घातलंत का?"

त्याने प्रत्येक नमुना उकळून काढला, दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला आणि मधोमध दोन किलोचं वजन टांगून बघितलं. आठवडाभर घरात कुणाला बसायला खुर्ची नव्हती आणि आंघोळीच्या पाण्याला दुकानातल्या नव्या चपलेचा वास येत होता. पण त्याला कळायचं ते कळलं. पाइप वितळतो की नाही हा प्रश्नच नव्हे. तापल्यावर त्याच्या अंगात किती जोर उरतो, हा प्रश्न. थंडपणी जो पाइप पाण्याचा मोठा दाब सोसतो, तोच तापला की निम्मासुद्धा सोसत नाही. हिरवा टिकाऊ होता, पण तापला की लांबीला फार वाढायचा, भिंतीवर नागमोडी झाला असता. पांढऱ्याचे सांधे महाग आणि नाजूक. क्रीम रंगाचा नव्वद अंशांपर्यंत दम धरायचा आणि चिकटवायला सोपा होता. थंडोबाने क्रीम निवडला. पाइपचं वजन आणि आतल्या पाण्याचं वजन धरून भिंतीला किती अंतरावर पट्ट्या ठोकायच्या ते काढलं, वर थोडी जास्तीची सोय ठेवली आणि पाइप चढवला.

डबे त्याने हिशेबात धरले नाहीत.

मूर्ख म्हणून नव्हे. त्याचा स्वतःचा डबा त्या पाइपवर रोज भट्टीवाल्याच्या शेजारी बसत होता. पण इतकी वर्षं डबे तिथे नव्हते, इतकी वर्षं तो स्वतः साहेबांना "नाही हो, डबे कुठले" म्हणत आला होता, की हिशेब करताना त्याच्या डोक्यातही तो बोर्ड लागलेलाच होता. असं फक्त त्याच कारखान्यात होऊ शकतं. भाजीची जुडी झेलून वजन सांगणारी माणसं, आणि पाइपवर डब्यांची आख्खी पलटण बसते तिचं वजन एकाच्याही मनात आलं नाही.

क्रीम पाइप झुकला. आणि झुकला तो कसा, तर जिथे डबा तिथे दरी, दोन डब्यांमध्ये टेकडी. बाकांच्या पलीकडे तोच पाइप दोरी लावल्यासारखा सरळ. लहान मुलालाही कळलं असतं, पण कारखान्यात लहान मूल नव्हतं. डबे काढले की तो थोडा वर यायचा, ठेवले की पुन्हा खाली.

त्याहून वाईट म्हणजे, प्लास्टिक उष्णता बाहेर सोडत नाही. आत पाणी हात पोळेल इतकं गरम, आणि बाहेर पाइप कोमट, आजाऱ्याच्या कपाळासारखा. डबे गार राहायला लागले. मग उगाच पाइपवर ठेवायचे कशाला? पण ते ठेवणं कुणी थांबवलं नाही. जागा सोडली तर गेली! शेवटच्या जागेवरचा बांधणीवाला तर म्हणाला, "आता सगळ्यांचेच गार आहेत म्हणजे मी तुमच्या बरोबरीचा झालो," आणि त्यावरून मारामारी होता होता राहिली.

पहिल्या गार दिवशी संध्याकाळी थंडोबाने चपला काढल्या.

"गरम होतं का?"

त्याने एक चप्पल काढली. दुसरी काढायला बराच वेळ लावला. खरं सांगावं तर तिला वडील आठवणार, आणि दोन-चार दिवसांत पाइपचं काहीतरी होईलच. "चटका बसला," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या कानशिलापाशी घाम आला.

इकडे मालकांनी सल्लागार बोलावला. गळ्यात टाय, हातात डबी, डबीत भट्टीत डोकावायच्या काळपट काचा. तो पाइपला उष्णतामापी लावायचा, दोरी ताणायचा, आकडे मांडायचा. तो शेडकडे निघाला की पहारेकरी खोकायचा, डबे बाकांखाली जायचे, पाइप थोडा वर यायचा. सल्लागार गेला की डबे वर आणि पाइप खाली. सकाळची मोजणी दुपारी जुळेना, दुपारची संध्याकाळी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी त्याने मालकांना सांगितलं, "हा पाइप श्वास घेतोय."

मालक थंडोबाकडे वळले. "पुढच्या पाइपलाही श्वास लागला तर थंडोबा, तुम्ही पाण्यावरून पेंढ्यात."

पेंढ्यात म्हणजे बांधणीखातं. म्हणजे शेवटची जागा. उद्या कधी पाइप गरम झालाच, तरी थंडोबाचा डबा जन्मभर आशेवर राहणार.  दुसऱ्या दिवशी त्याने सल्लागाराला बाजूला घेतलं.

"साहेब, तुमच्या हिशेबात एक भार राहिलाय. फुटाला दोन-अडीच किलो तरी धरा."

"कसला भार?"

बोर्ड समोरच होता. बाकांवर सगळे बसलेले होते आणि सगळ्यांचे कान इकडे होते.

"धूळ," थंडोबा म्हणाला.

सल्लागाराने लिहिणं थांबवलं. "फुटाला अडीच किलो धूळ?"

"ओतकामाची धूळ साहेब. लोखंडी असते."

"आणि ती फक्त बाकांच्या वरच साठते?"

"माणसं बसतात ना. अंगाची पण असते."

सल्लागाराने मान हलवली आणि आकड्यांमध्ये लिहिलं: धूळभार. थंडोबाला वाटलं, सुटलो. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हिशेब मालकांपुढे गेला आणि मालक ताडकन उठले. "फुटाला अडीच किलो धूळ? माझ्या कारखान्यात? उद्या जेवायच्या सुट्टीत मी स्वतः खाली येऊन बघतो, आणि कुणाला आधी सांगायचं नाही!" पहारेकऱ्याला त्यांनी त्या वेळेपुरतं घसा दाखवायला डॉक्टरकडे धाडायचं ठरवलं. हे शिपायाने ऐकलं, थंडोबाच्या कानात सांगितलं आणि घाईघाईने निघून गेला, कारण पहिल्या जागेवरचा डबा कुणाचा हे त्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी थंडोबा घरी आला. आतून प्रश्न आला नाही. तो एक चप्पल पायात ठेवून वाट बघत राहिला. मग ती बाहेर आली. त्याच्या पिशवीतला डबा काढून तिने उपडा धरला.

"हे बघा," ती म्हणाली.

त्याला काही दिसलं नाही. बूड स्वच्छ होतं.

"इतकी वर्षं डब्याच्या बुडाला गंजाचा डाग असायचा. गोल, तांबडा. रोज घासायची, रोज परत यायचा. मला कळायचं की डबा पाइपवर होता. मी तुम्हाला विचारायची ते उगाच, उत्तर मला डब्याने आधीच दिलेलं असायचं." तिने बोट बुडावरून फिरवलं. "तुमचा नवा पाइप आल्यापासून डाग नाही. गार जेवताय ना?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडी आपटली असती, सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, तर त्याने नेहमीसारखा चहा पीत ऐकून घेतलं असतं. पण ती हळू बोलत होती. तिचा हळू आवाज त्याने तिचे वडील गेले तेव्हा एकदाच ऐकला होता.

"हो," तो म्हणाला. "गार."

"मग चटका कुठे बसत होता?"

 तिने डबा फळीवर पालथा घातला. "आता डबा नाही. तिथे जे मिळेल ते खा. मी गार खायला घालणार नाही, आणि छान होतं असंही ऐकणार नाही." तेवढं बोलून ती आत गेली आणि वाढायला लागली. ताटात पडलेलं जेवण कडकडीत होतं. तो जेवला. त्याला चव कळली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मालक आले. खोकला आला नाही. सल्लागार मागोमाग होता. बाकांवर माणसं तशीच गोठून बसली आणि पाइपवर डबे होते, सगळे, ओळीने, आपापल्या दरीत. मालक येणार हे थंडोबाने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि शिपायालाही डबा हलवू दिला नव्हता. फक्त भट्टीवाल्याच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि तिथे पाइप टेकडीसारखा वर आलेला होता.

थंडोबा उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो चहा अर्धा ठेवून उठला. "मालक, धूळ नाही. डबे आहेत. थोरल्या मालकांपासून आहेत. मी हिशेबात धरले नाहीत, चूक माझी. पाइप चांगला आहे. मला पेंढ्यात पाठवा, पण पाइपला नाव ठेवू नका."

मालक ओळीने चालत निघाले. एकेका डब्यासमोर थांबत. शेवटच्या डब्यापाशी गेले, परत आले. मध्येच एक चकचकीत, झाकणाला कडी असलेला डबा होता. तो कारखान्यातल्या कुणाचाच नव्हता. "हा कुणाचा?"

 मग सल्लागाराने टाय सैल केला. "माझा," तो म्हणाला. "दुसऱ्या भेटीपासून. भट्टीवाले म्हणाले, घासकामवाल्यांच्या मधे जागा आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मला धूळ सांगितली, मी धूळ लिहिली."

मालक पहिल्या जागेपाशी आले. चार पुडांचा डबा, शेजारी सोडून ठेवलेला जाड टॉवेल. शिपायाने डोळे मिटून घेतले. मालकांनी डब्यावर हात ठेवला, टॉवेल चाचपला आणि ते बाकावर बसले. मालक कामगारांच्या बाकावर बसलेले कुणी कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे सगळे उभे राहिले.

"बसा, बसा," मालक म्हणाले. "परवा बायकोने मला विचारलं, टॉवेलाला रोज तांबडा डाग पडायचा तो हल्ली का पडत नाही? मी म्हटलं, कसला डाग? ती म्हणाली, अहो, पाइपचा. मी इतकी वर्षं डाग धुते आहे, आणि तुम्ही विचारताय कसला?" त्यांनी कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं मी भाषणात टॉवेलाचं कौतुक करत होतो, आणि ती समोर बसून टाळ्या वाजवत होती."

 भट्टीवाल्याने हसू दाबलं ते त्याच्या पोटात गुडगुडलं.

"आणि ही जागा कुणाची?" मालकांनी रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"माझी," थंडोबा म्हणाला.

"डबा कुठाय?"

"बायकोने बंद केला. मी तिला गरम होतं म्हणून खोटं सांगितलं. तिलाही डागावरून कळलं."

मालकांनी पाइपवर हात टेकला. "म्हणजे तुमचं घर आणि माझं घर एकाच पाइपवर चाललंय," ते म्हणाले. "मग नीट निवडा थंडोबा. पाणी थंड झालं पाहिजे, आणि डबे गरम."

थंडोबाने निवडलं. सगळी लाइन क्रीम पाइपचीच ठेवली, पट्ट्या दुपटीने जवळ घेतल्या. फक्त बाकांवरचा तुकडा तेवढा काढला आणि तिथे न गंजणाऱ्या पोलादाचा पाइप जोडला, खाली लोखंडी कोनाचा भक्कम आधार देऊन. त्याआधी सगळे डबे एका तराजूत घातले आणि दुसऱ्या पारड्यात कारखान्याचीच वजनं टाकली. आकडा ऐकून भट्टीवाला खाली बसला. सल्लागाराने नकाशात तो भार लिहिला, पण जुना शब्द बदलला नाही, म्हणून आजही त्या कारखान्याच्या नकाशात बाकांच्या वर 'धूळभार' लिहिलेलं आहे. बोर्डही काढला नाही, थोरल्या मालकांची आठवण ती. फक्त खाली एक ओळ रंगवली: 'हा तुकडा सोडून.' पहारेकऱ्याचा खोकला एका दिवसात बरा झाला. डॉक्टर ते स्वतःचं यश समजतो.

पोलादी पाइप मात्र सणसणीत तापला. थंडोबा धावत घरी गेला. हो, धावत, गल्लीतली माणसं कुठे आग लागली म्हणून बाहेर आली. "एक दिवस दे डबा," तो म्हणाला. "एकच दिवस."

तिने दिला. मुद्दाम भोपळ्याची भाजी दिली, गार झाली तर तोंडात धरवत नाही अशी. थंडोबाने ती दुपारी फुंकून फुंकून खाल्ली. संध्याकाळी तो दारात उभा राहिला, चपला काढल्याच नाहीत.

"गरम होतं का?"

"चटका बसला! खराखुरा. हे बघ, जीभ बघ."

तिने जीभ बघितली नाही. डबा घेतला, उपडा केला, उजेडात धरला. बूड लख्ख होतं.

"डाग कुठाय?"

"अगं, हा पाइप गंजत नाही. म्हणून तर निवडला."

"असं."

"खरं सांगतोय."

"परवापर्यंतही खरंच सांगत होतात," ती म्हणाली, आणि यात तिचं काय चुकलं ते मला सांगा. ज्याने एकदा कोमट खोटं वाढलं त्याचं गरम खरं कोण खाणार? तिने डबा फळीवर पालथा घातला, पण पूर्ण आत सरकवला नाही, कडेला ठेवला. थंडोबाने ते बघून ठेवलं. पालथा असो, पण हाताशी होता.

दुसऱ्या दिवशी तो डबा भरून घेऊनच गेला. जेवला, चटका बसला. सुट्टी झाल्यावर तो मागच्या मनोऱ्याकडे गेला. तिथे जुना लोखंडी पाइप भंगारवाल्याची वाट बघत गवतात पडला होता. थंडोबा त्याच्यापाशी उकिडवा बसला आणि डब्याचं बूड त्या गंजावर घासायला लागला. गोल, सावकाश, जसा डाग पूर्वी पडायचा तसा. जो पाइप गंजतो म्हणून एवढा खटाटोप केला, तोच आता त्याची साक्ष द्यायला उरला होता. त्याला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले, आणि ते पुसताना कपाळाला गंज लागला.

"काय करतोस रे?" मागे भट्टीवाला उभा होता. थंडोबाने सांगितलं. भट्टीवाल्याने जरा विचार केला, आपला डबा पिशवीतून काढला आणि शेजारी बसला. "माझीही म्हणाली काल, डाग कुठाय म्हणून," तो म्हणाला. आठवड्याभरात सुट्टीची घंटा झाली की त्या पाइपपाशी रांग लागायला लागली, आणि रांगेतही आधी कुणी घासायचं त्याचे मान ठरले. एक दिवस शिपाई टॉवेल घेऊन आला. पुढच्या दिवशी भंगारवाल्याला फाटकावरूनच परत पाठवण्यात आलं.

त्या पहिल्या संध्याकाळी मात्र थंडोबा एकटा घरी आला, चपला काढल्या आणि डबा पुढे केला. तिने बूड बघितलं. बोट फिरवलं, बोटाला लागलेला तांबडा रंग बघितला. मग त्याच्या कपाळाकडे बघितलं.

"जरा जास्तच गरम होतं वाटतं आज," ती म्हणाली. "कपाळापर्यंत आलंय."

"चटका बसला," तो म्हणाला.

तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं, डबा घासायला घेतला आणि घासता घासता सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागली. थंडोबा चहा पीत ऐकत बसला.